कुदानशिताची भिंत

१९८९ हे साल जगाच्या इतिहासात बर्लिनची भिंत कोसळल्याचे साल म्हणून नोंदले गेले आहे, आणि इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्हीही ते वर्गात तसेच शिकवत आलो आहोत. परंतु त्याच वर्षी, बर्लिनमधील नोव्हेंबरच्या त्या रात्रीच्या सुमारे साडेनऊ महिने आधी, २६ जानेवारी रोजी टोकियो शहराच्या पोटात एक वेगळीच भिंत प्रवाशांच्या वाटेत आली. तिच्यावर पहारा नव्हता, काटेरी तार नव्हती, तिच्यापायी कोणी प्राणास मुकले नाही. एका भुयारी रेल्वे स्थानकातील दोन फलाटांना विभागणारी ती साधी भिंत होती. ती पुढे चोवीस वर्षे टिकली.

शाळेच्या स्मरणिकेत परदेशातील रेल्वे स्थानकावर लिहिण्याचे प्रयोजन काय, असे काही वाचकांच्या मनात येईल. संस्था कशा चालतात आणि त्यांच्या चालण्याचा भार अखेर कोणाच्या पायांवर पडतो, हे या एका स्थानकात जितके स्वच्छ दिसते तितके जाडजूड ग्रंथांतही क्वचितच दिसते. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले-मुली आज कार्यालयांत, बँकांत, बांधकाम खात्यात, रेल्वेत जबाबदारीच्या जागांवर आहेत. नकाशावर आणि फायलीवर रेघ ओढण्याचा अधिकार त्यांच्या हाती आला आहे. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

स्थानकाचे नाव कुदानशिता. जपानी भाषेत 'कु' म्हणजे नऊ, 'दान' म्हणजे पायरी किंवा टप्पा आणि 'शिता' म्हणजे खाली. टोकियोचे नाव एदो होते त्या काळी येथील चढावर टप्पे होते. त्यावरून चढाला कुदान हे नाव पडले आणि त्याच्या पायथ्याची जागा ती कुदानशिता. पायऱ्यांचे नाव धारण करणाऱ्या स्थानकाची कथाही पायऱ्यांचीच असावी, हा योगायोग मोठा बोलका आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावा असा हा परिसर. चढावर १८६९ साली स्थापन झालेले यासुकुनी मंदिर आहे. युद्धात पडलेल्या सैनिकांबरोबर युद्धगुन्हेगार ठरलेल्यांचेही स्मरण तेथे होते, आणि त्यामुळे शेजारी देशांशी जपानचा वाद आजही धुमसत राहतो. त्याच मंदिराच्या आवारात २००५ सालापासून न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे स्मारक उभे आहे. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे ते एकमेव न्यायाधीश होते. थोड्या अंतरावर चिदोरिगाफुची येथे, ज्यांची ओळखच पटली नाही अशा युद्धमृतांच्या अस्थी जपणारे, कोणत्याही एका धर्माचे नसलेले राष्ट्रीय स्मारक १९५९ सालापासून आहे. स्थानकातून वर आल्यावर माणूस कोणत्या दिशेने वळतो, यावरून तो मागच्या युद्धाकडे कसे पाहतो याचा अंदाज बांधता यावा, अशी ही जागा. जवळच निप्पोन बुदोकान हे अष्टकोनी सभागृह आहे. ते १९६४ च्या ऑलिंपिकमधील ज्युदोच्या स्पर्धांसाठी बांधले गेले आणि त्याचा आराखडा नारा प्रांतातील होर्यूजी या प्राचीन बौद्ध विहारातील 'स्वप्नमंदिरा'वरून घेतला आहे. आपल्या वाचकांना एवढे निश्चितच रुचेल.

भारताचा दूतावासही याच भागात आहे. कुदानशिताहून जाणाऱ्या तोझाई मार्गावरच पूर्वेला निशि-कासाई हे स्थानक लागते. संगणक क्षेत्रातील भारतीयांची मोठी वस्ती तेथे २००० सालाच्या आगेमागे वाढत गेली. तो भाग ज्या एदोगावा प्रभागात येतो, त्या प्रभागाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. तेव्हा कुदानशिता हे नाव तेथील मराठी घरांत अगदीच परके नसणार. पारपत्राचे काम निघाले की तेथेच उतरावे लागते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. या स्थानकात तीन मार्ग एकत्र येतात. पहिला तोझाई; तो येथे २३ डिसेंबर १९६४ रोजी, टोकियो ऑलिंपिक संपल्यानंतर दोन महिन्यांनी आला. दुसरा शिंजुकू मार्ग, १६ मार्च १९८० रोजी. तिसरा हानझोमोन मार्ग, वर सांगितलेल्या २६ जानेवारी १९८९ रोजी. यांपैकी शिंजुकू आणि हानझोमोन हे दोन मार्ग कुदानशितापासून जिंबोचो या पुढच्या स्थानकापर्यंत बरोबरीने जातात. जिंबोचो म्हणजे जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेली पेठ. कुदानशितात या दोन मार्गांचे फलाट एकाच पातळीवर, एकमेकांना लागून आहेत. हानझोमोनचा चौथ्या क्रमांकाचा फलाट आणि शिंजुकूचा पाचव्या क्रमांकाचा फलाट म्हणजे वस्तुतः एकाच ओट्याच्या दोन कडा. या गाडीतून उतरावे, चार पावले टाकावीत आणि त्या गाडीत चढावे, इतकी सोपी अदलाबदल येथे शक्य होती.

ती होऊ शकली नाही, कारण त्या ओट्याच्या मधोमध भिंत होती. गाडी बदलणाऱ्याने जिना चढून वरच्या मजल्यावर जायचे, तिकिटाच्या फाटकातून पलीकडे व्हायचे आणि पुन्हा जिना उतरून, जिथून निघाला त्याच जागेच्या पाठीला पाठ लावून उभे राहायचे. पलीकडच्या गाडीचा आवाज कानावर पडत असे; गाडी मात्र दोन जिने दूर. चोवीस वर्षे रोज सकाळ-संध्याकाळ लोक हे करीत राहिले. जपानी माणूस शिस्तीचा, म्हणून त्याने तक्रार केली नाही, असे आपल्याकडे कोणी कौतुकाने म्हणेल. आम्हाला त्यात कौतुक वाटत नाही. गैरसोय रोजची झाली की ती निसर्गनियमासारखी भासू लागते, एवढेच त्यातून दिसते.

भिंतीचे कारण अभियांत्रिकीचे नव्हते. ते हिशेबाचे होते. टोकियोतील भुयारी रेल्वे दोन वेगवेगळ्या संस्था चालवतात. नऊ मार्ग टोकियो मेट्रो या कंपनीचे. चार मार्ग टोकियो महानगर शासनाच्या परिवहन विभागाचे. त्यांना तोएई म्हणतात. हानझोमोन पहिल्या संस्थेचा आणि शिंजुकू दुसऱ्या. दोघांचे भाडे निराळे, उत्पन्न निराळे, कर्जही निराळे. एखादा प्रवासी कुदानशिताहून जिंबोचोला गेला, तर तो कोणाच्या गाडीने गेला आणि त्याचे पैसे कोणाच्या खात्यात जमा करायचे? मध्ये भिंत आणि फाटक असले की हा प्रश्न उद्भवत नाही. हिशेबनीसाच्या दृष्टीने भिंत ही अत्यंत सोयीची वस्तू होती.

या दुहीची मुळे बरीच जुनी आहेत, आणि येथे थोडे थांबणे अवश्य आहे. नोरित्सुगु हायाकावा यांच्या कंपनीने ३० डिसेंबर १९२७ रोजी आसाकुसा ते उएनो अशी टोकियोची पहिली भुयारी रेल्वे सुरू केली आणि पुढे ती शिंबाशीपर्यंत नेली. दुसऱ्या बाजूने, शिबुयाकडून, केइता गोतो या धडाडीच्या आणि तितक्याच आक्रमक उद्योगपतीच्या कंपनीची रेल्वे येऊ लागली आणि १५ जानेवारी १९३९ रोजी तीही शिंबाशीला पोहोचली. दोन भुयारे एकाच ठिकाणी आली. माणसे मात्र एकत्र येईनात. दोन्ही कंपन्यांचे जुळेना, म्हणून गोतोंच्या कंपनीने शिंबाशीला आपला स्वतंत्र फलाट बांधून गाड्या तेथेच थांबवल्या. एका कंपनीच्या गाडीतून उतरून दुसरीच्या गाडीत बसण्याचा त्रास प्रवाशांनी सोसला तो त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत. दुसऱ्या दिवशीपासून गाड्या थेट धावू लागल्या. आठ महिन्यांत निरुपयोगी झालेला तो फलाट शिंबाशीच्या भुयारात आजही आहे. आमच्या मते भांडणाचे इतके नेमके स्मारक अन्यत्र मिळणे कठीण.

१९४१ साली, युद्धाच्या धामधुमीत, शासनाने या कंपन्यांचे मार्ग एका प्राधिकरणाच्या हाती दिले. त्यातून प्रश्न सुटला असे वाटले. पण युद्धानंतर शहर इतक्या वेगाने वाढले की एका संस्थेला भुयारे खणणे झेपेना. महानगर शासनाने स्वतःही हे काम हाती घेतले आणि ४ डिसेंबर १९६० रोजी तोएईचा पहिला मार्ग सुरू झाला. प्राधिकरणाची २००४ साली कंपनी झाली, तीच टोकियो मेट्रो. नावे बदलली, भांडवलदारांच्या जागी शासकीय संस्था आल्या, आणि शिंबाशीत आठ महिने टिकलेली गोष्ट कुदानशितात चोवीस वर्षे टिकली. खासगी मालकांचे भांडण लवकर मिटले आणि लोकांच्या मालकीच्या दोन संस्थांचा अबोला पिढीभर चालला, हे आमच्यासारख्या सार्वजनिक क्षेत्राचा कैवार घेणाऱ्यांना अवघड वाटणारे सत्य आहे. ते टाळून पुढे जाता येत नाही.

दोन संस्थांनी एक फलाट वापरणे मुळातच अशक्य होते, असे म्हणायलाही जागा नाही. २६ सप्टेंबर २००० रोजी मेगुरो ते शिरोकाने-ताकानावा हा पट्टा सुरू झाला. तेथे टोकियो मेट्रोचा नानबोकू मार्ग आणि तोएईचा मिता मार्ग तेच रूळ आणि तेच फलाट वापरतात. तेथे हिशेब जमला. म्हणजे निदान त्या दिवसापासून कुदानशिताची भिंत गरजेची राहिली नव्हती; ती केवळ शिल्लक होती. तरी आणखी साडेबारा वर्षे ती शिल्लक राहिली.

या साडेबारा वर्षांची किंमत कोणी मोजली? धडधाकट तरुणाला दोन जिने म्हणजे मिनिट-दोन मिनिटांचा प्रश्न. गुडघे दुखणारी वृद्धा, लेकरू कडेवर घेतलेली आई, कुबडी घेऊन चालणारा, हातात सामान असलेला परगावचा माणूस यांच्यासाठी ते दोन जिने म्हणजे प्रवासातला सर्वांत कठीण भाग. ज्यांनी भिंत राखली त्यांना ती रोज ओलांडावी लागत नव्हती. आणि हे कोणत्या देशात? अंध व्यक्तींना पायाच्या स्पर्शाने वाट कळावी म्हणून उठावाच्या फरश्या ज्या देशात शोधल्या गेल्या, त्या देशात. सेइइची मियाके यांनी तयार केलेल्या त्या फरश्या १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरातील अंधशाळेजवळ प्रथम बसवल्या गेल्या. आज आपल्या मेट्रोच्या फलाटांवरही त्या पिवळ्या रंगात दिसतात. एका माणसाच्या कळवळ्यातून निघालेली फरशी जगभर पोहोचली. आणि त्याच देशाच्या राजधानीत, दोन कार्यालयांची संमती न मिळाल्याने चार पावलांची वाट बंद राहिली. करुणेचे काम एकटा माणूस सुरू करू शकतो. हिशेबाची वही मात्र दोघांनी मिळून उघडावी लागते.

अखेर विषय राजकारणाच्या मार्गाने पुढे सरकला. दोन्ही संस्थांचे एकत्रीकरण व्हावे की नाही, यावर २०१० साली केंद्र शासन आणि महानगर शासन यांची बोलणी सुरू झाली. नाओकी इनोसे हे त्या वेळी टोकियोचे उपगव्हर्नर होते. ते मूळचे लेखक, सरकारी महामंडळांच्या कारभारावर झोड उठवून नावारूपाला आलेले. ताकेशी योरो या शरीरशास्त्रज्ञांच्या २००३ सालच्या प्रचंड खपाच्या पुस्तकाचे नाव उसने घेऊन त्यांनी कुदानशिताच्या भिंतीला 'मूर्खपणाची भिंत' म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव लोकांच्या तोंडी बसले. एकत्रीकरण झाले नाही. तोएईच्या डोक्यावरील तोट्याचा बोजा हा त्यातला मोठा अडसर होता. भिंत मात्र गेली. १६ मार्च २०१३ पासून, म्हणजे शिंजुकू मार्ग कुदानशितात आला त्या दिवसापासून बरोबर तेहेतीस वर्षांनी, प्रवासी एका गाडीतून उतरून समोरच्या गाडीत चढू लागले. मध्ये फाटकही उरले नाही. भाड्याचा हिशेब प्रवासी कोठे आत आला आणि कोठे बाहेर पडला यावरून केला जातो. इतकी वर्षे अशक्य म्हणून सांगितलेला हिशेब तो हाच.

इनोसे तोवर गव्हर्नर झाले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, निवडणुकीपूर्वी एका रुग्णालय समूहाकडून घेतलेल्या ५ कोटी येनच्या प्रकरणावरून त्यांना पद सोडावे लागले. हे सांगण्याचे कारण असे की आपल्याकडे चांगल्या कामाला एक नायक लागतो आणि मग त्या नायकाचे सारेच गोड मानावे लागते. भिंत जाणे योग्य होते. ती घालवणाऱ्याचे पुढचे वर्तन हा वेगळा विषय. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तोलता येणे हेच आम्ही मुलांना इतिहासाच्या तासाला शिकवू पाहतो, आणि खरे सांगायचे तर शिक्षकांच्या खोलीत ते अधिक अवघड जाते.

या भिंतीची तुलना आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या भिंतींशी करण्याचा मोह येथे होऊ शकतो. आम्ही तो आवरतो. कुदानशिताची भिंत कोणाला हीन लेखण्यासाठी बांधलेली नव्हती. तिच्या दोन्ही बाजूंचा माणूस सारखाच होता. त्याच माणसाला सकाळी या बाजूस आणि संध्याकाळी त्या बाजूस उभे राहावे लागे. द्वेषातून उभी राहिलेली भिंत आणि बेपर्वाईतून उभी राहिलेली भिंत एकाच मापाने मोजल्यास पहिलीचे गांभीर्य कमी होते. मात्र बेपर्वाईची भिंतही आपोआप पडत नाही, एवढे साम्य मान्य करावे लागेल.

आणखी एक बाब आम्हाला विशेष लक्षणीय वाटते. या दोन मार्गांचे रूळ कधीच एक होऊ शकणार नाहीत. हानझोमोनच्या दोन रुळांमधील अंतर १०६७ मिलिमीटर. शिंजुकू मार्गाचे १३७२ मिलिमीटर. हे दुसरे चमत्कारिक माप १८८२ साली टोकियोत सुरू झालेल्या घोड्यांच्या ट्रामपासून चालत आलेले. केइओ या खासगी रेल्वेने ते टिकवले आणि तिच्या गाड्या शिंजुकू मार्गावर थेट याव्यात म्हणून तोएईनेही तेच घेतले. म्हणजे एकाच्या गाड्या दुसऱ्याच्या रुळांवर जाऊच शकत नाहीत. ज्यांना खरोखर वेगळे राहणे भाग होते ते रूळ आजही वेगळे आहेत, आणि त्यांच्यामधल्या ओट्यावरून माणसे मोकळेपणाने ये-जा करीत आहेत. एकरूप होणे आणि एकत्र येणे यांतील फरक इतक्या थोड्या जागेत आम्ही अन्यत्र वाचलेला नाही.

हे सारे मुंबईकरांनी नीट समजून घ्यावे असे आहे, आणि त्याला जपानशी जोडणारा धागाही आहे. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही मुंबईची भुयारी मेट्रो-३ जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जातून उभी राहिली. त्या कर्जाचा पहिला करार २०१३ सालचा, म्हणजे कुदानशिताची भिंत गेली त्याच वर्षीचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. मरोळ नाका येथे ती २०१४ पासून धावणाऱ्या घाटकोपर-वर्सोवा मार्गिकेला भेटते. दोन्ही चालवणाऱ्या संस्था वेगळ्या. अंधेरी-दहिसरकडील मार्गिकांची संस्था आणखी वेगळी, लोकल रेल्वेची वेगळी, बेस्टची वेगळी. या सर्वांचे तिकीट एका ठिकाणी काढता यावे म्हणून 'मुंबई वन' हे ॲप त्याच ऑक्टोबरात आले. ते स्वागतार्हच आहे. परंतु ॲपवरचे तिकीट जिना चढत नाही, प्रवासी चढतो. आपल्या ज्या माजी विद्यार्थ्यांचा या कामांशी संबंध येतो त्यांनी नवे जोडस्थानक कागदावर असतानाच एक साधा प्रश्न विचारावा: येथे गाडी बदलणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाईला किती पायऱ्या पडतील, आणि त्यांपैकी किती जमिनीमुळे व किती आपल्या खात्यांमुळे? जपानचे कर्ज येते, यंत्रे येतात, अभियंते येतात. हा प्रश्न मात्र आपणच विचारावा लागेल.

कुदानशितातही सारे संपलेले नाही. भिंत गेली, तरी भाडी दोनच राहिली. दोन्ही संस्थांचे किमान भाडे २०२३ पासून प्रत्येकी १८० येन. एकाच्या गाडीतून दुसऱ्याच्या गाडीत गेल्यास बेरजेतून ७० येनची सूट मिळते, म्हणजे कमीत कमी २९० येन. तेवढेच अंतर एकाच संस्थेच्या गाड्यांनी कापता आले असते, तर १८० येनमध्ये भागले असते. पायांचा त्रास गेला, खिशाचा उरला. एकत्रीकरणाचे बोलणे तर आता आणखी मागे पडले आहे. टोकियो मेट्रोचे ५३.४ टक्के भाग केंद्र शासनाचे आणि ४६.६ टक्के महानगर शासनाचे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोघांनी आपापले निम्मे भाग शेअर बाजारात विकले. तोट्याचा वारसा असलेल्या तोएईला आपल्यात सामावून घ्यावे की नाही, हे यापुढे त्या नव्या भागधारकांनाही विचारावे लागेल, आणि त्यांतले किती जण कुदानशितात गाडी बदलतात, हे त्यांच्या भागपत्रावर लिहिलेले नसते.